नवा लॅपटॉप, जुना कर्नल

इंजिनिअरिंगचे प्रवेश आटोपले की अमरावतीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गर्दी वाढते. भातकुली, खोलापूर, दर्यापूर या बाजूंनी आलेली मुलं-मुली असतात, सोबत वडील किंवा थोडंफार कळणारा चुलतभाऊ असतो. बजेट ठरलेलं असतं आणि ते बहुधा सोयाबीन-कपाशीच्या हिशेबातून निघालेलं असतं. कॉम्प्युटर शाखेत लिनक्स लागतं, हे सीनियर मुलांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो: याच्यात लिनक्स चालेल का? उत्तरही हमखास येतं, ‘चालते नं भाऊ!’

हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. लिनक्स आज जवळपास कुठल्याही लॅपटॉपवर सुरू होतं. स्क्रीन उजळते, माउसचा बाण हलतो, फाइल उघडते. अडचण त्यानंतर कळते. वाय-फायच्या यादीत एकही नाव येत नाही, स्पीकर मुका राहतो किंवा झाकण मिटल्यावर झोपलेला लॅपटॉप पुन्हा जागाच होत नाही. मग भातकुलीहून अमरावतीची पंधरा-वीस किलोमीटरची फेरी मारावी लागते आणि दुकानदार म्हणतो, ‘विंडोज टाका, सगळं चालते.’

लिनक्सच्या बाबतीत जुना लॅपटॉप सोपा असतो आणि कोरा करकरीत नवा अवघड असतो. पाच-सात वर्षं वापरलेल्या लॅपटॉपवर ते सहसा पहिल्या फटक्यात बसतं, तर परवाच बाजारात आलेलं मॉडेल अडून बसतं. कारण कळायला लिनक्सच्या रचनेत थोडं डोकवावं लागतं.

लॅपटॉपमधला प्रत्येक भाग, मग तो वाय-फाय कार्ड असो, कॅमेरा असो की टचपॅड, आपापल्या रीतीने काम करतो. त्याच्यात आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दुभाष्याचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजमध्ये हे ड्रायव्हर बरेचदा लॅपटॉप बनवणारी कंपनी वेगळे पुरवते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतात आणि कर्नलच्या मूळ संहितेचा निम्म्याहून जास्त भाग त्यांनीच व्यापलेला आहे. म्हणून लिनक्समध्ये ड्रायव्हरची सीडी शोधत बसावं लागत नाही. पण ज्या चिपचा ड्रायव्हर तुमच्या कर्नलच्या आवृत्तीत अजून आलेलाच नाही, ती चिप त्या कर्नलच्या लेखी नसल्यातच जमा.

हा प्रश्न लिनक्सच्या जन्मापासूनचा आहे. ऑगस्ट १९९१मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या नव्या सिस्टिमची पहिली घोषणा केली. तिच्यातच त्याने सांगून टाकलं होतं, की एटी प्रकारच्या हार्डडिस्कपलीकडे ही सिस्टिम बहुधा कधीच काही चालवणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढंच होतं. तेव्हापासून जो जो भाग चालू लागला, तो कोणीतरी बसून त्याचा ड्रायव्हर लिहिला म्हणून. त्यात कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत, तसे लॅरी फिंगर यांच्यासारखे स्वयंसेवकही आहेत. मूळचे स्फटिकशास्त्राचे संशोधक असलेले हे अमेरिकन गृहस्थ कितीतरी वर्षं ब्रॉडकॉम आणि रिअलटेक यांच्या वाय-फाय चिपांचे ड्रायव्हर सांभाळत राहिले. २०२४मध्ये वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी ते वारले. परवडणाऱ्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये वाय-फाय चालतं, यात त्यांचा मोठा वाटा आहे.

कर्नलची आवृत्ती किती निर्णायक ठरते, हे एका चिपच्या उदाहरणातून नीट कळतं. रिअलटेकची आरटीएल ८८५२ बीई ही वाय-फाय चिप अनेक कंपन्यांच्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपांत बसवलेली असते. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला तो ६.२ या आवृत्तीत, फेब्रुवारी २०२३मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये डेबियन या लिनक्स संचाची १२वी आवृत्ती, डेबियन १२, प्रसिद्ध झाली. तारखा पाहून कोणालाही वाटेल, की चार महिने जुना ड्रायव्हर त्यात असणारच. पण डेबियनने दीर्घकाळ टिकणारा म्हणून ६.१ हा कर्नल निवडला होता, जो डिसेंबर २०२२चा. एका आवृत्तीने हुकलं आणि नव्या लॅपटॉपवर नवं डेबियन टाकणाऱ्यांना वाय-फाय दिसेना. ना लॅपटॉप बिघडलेला होता, ना डेबियन. त्याच लॅपटॉपवर डेबियनच्या बॅकपोर्ट्स भांडारातला नवा कर्नल टाकला की ड्रायव्हर हजर. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ६.१२ कर्नल असल्याने ही अडचण मुळातच राहिली नाही.

इथे आणखी एक गल्लत होते. ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फर्मवेअर म्हणजे चिपमध्येच चढवला जाणारा छोटा प्रोग्रॅम, तो कंपनी देते आणि त्याची संहिता बहुधा खुली नसते. डेबियनने अशा बंद फर्मवेअरला अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बरीच वर्षं जागा दिली नव्हती. २०२२मध्ये सदस्यांनी मतदान करून धोरण बदललं आणि डेबियन १२पासून ते सोबत येऊ लागलं. हा निर्णय योग्यच होता. तत्त्व कितीही मोलाचं असलं, तरी पहिल्याच दिवशी ज्याचं इंटरनेट लागत नाही, तो नवखा माणूस लिनक्सपर्यंत पोचतच नाही.

म्हणून ‘या मॉडेलवर लिनक्स चालतं का’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. एकाच मॉडेलच्या एका पेटीत इंटेलचं वाय-फाय कार्ड निघतं, दुसरीत रिअलटेकचं, तिसरीत मीडियाटेकचं. मित्राच्या लॅपटॉपवर सगळं चाललं, म्हणून तुमच्या लॅपटॉपवर चालेलच असं नाही. विचारायचं ते असं: आत कोणती चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर कर्नलच्या कितव्या आवृत्तीपासून आहे?

चिप ओळखायला लॅपटॉप उघडावा लागत नाही. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरवर जाऊन प्रॉपर्टीज उघडायच्या आणि डिटेल्समधून हार्डवेअर आयडी निवडायचा. तिथे दोन संकेतांक दिसतात, पहिला कंपनीचा आणि दुसरा चिपचा. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६ आहे, तिच्या १९७८च्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावाचाच. रिअलटेकचा १०ईसी, मीडियाटेकचा १४सी३, एनव्हिडियाचा १०डीई. वर सांगितलेल्या चिपची जोडी १०ईसी आणि बी८५२ अशी येते. ही जोडी लिनक्स शब्दासोबत इंटरनेटवर शोधली की पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

खात्रीचा मार्ग मात्र पेन ड्राइव्हचा. उबुंटू, मिंट, फेडोरा अशा एखाद्या लिनक्स संचाची इन्स्टॉल फाइल उतरवून ती रुफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रॅमच्या मदतीने आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवता येते. त्यावरून लॅपटॉप सुरू केला, की लिनक्स आतल्या डिस्कला हात न लावता चालतं, याला लाइव्ह सत्र म्हणतात. पेन ड्राइव्ह खिशात घेऊन दुकानात जावं आणि पैसे देण्याआधी दहा मिनिटं लॅपटॉप चालवून पाहू देण्याची विनंती करावी. डेमोचा लॅपटॉप असेल तर बरेच दुकानदार हो म्हणतात. ऑनलाइन मागवला असेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी हे करून घ्यावं.

या दहा मिनिटांत वाय-फाय सर्वांत आधी पाहायचं. मग यूट्यूबवर एखादा व्हिडिओ लावायचा, म्हणजे आवाज आणि चित्र दोन्ही कळतात. कॅमेरा उघडायचा, कारण काही नव्या इंटेल लॅपटॉपांतले कॅमेरे वेगळ्या पद्धतीने जोडलेले असतात आणि लिनक्सला अजूनही त्रास देतात. ब्ल्यूटूथ, ब्राइटनेसची बटणं, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, हेही बघून घ्यायचं. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालला तर आनंद, नाही चालला तर फार वाईट वाटून घेऊ नये. अशा अनेक सेन्सरांचे ड्रायव्हर आजही नाहीत आणि पासवर्डने काम भागतं.

शेवटी झाकण मिटायचं, दोन मिनिटांनी उघडायचं. वऱ्हाडात ही चाचणी टाळून चालत नाही. पूर्वीचे लॅपटॉप झोपताना जवळपास पूर्ण बंद होत. नव्यांपैकी अनेक अर्धवट जागे राहतात आणि लिनक्सने त्यांना नीट झोपवलं नाही, तर बॅगेत पडल्या पडल्या तापतात आणि बॅटरी संपवतात. मे महिन्यात पारा ४५च्या घरात असताना आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना भरलेली बॅटरी बॅगेतच उडाली, तर अभ्यासाची संध्याकाळ वाया जाते.

तांत्रिक तपशील हवा असेल तर त्याच लाइव्ह सत्रात टर्मिनल उघडून एल, एस, पी, सी, आय ही अक्षरं छोट्या लिपीत सलग टाइप करावीत, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला जोडून एन, एन, के टाकून एंटर दाबावं. प्रत्येक भागाचं नाव, त्याची संकेतांकाची जोडी आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ दिसते. वाय-फायच्या नावाखाली ही ओळच नसेल, तर दुभाष्या नाही, हे पक्कं समजावं.

अशा वेळी एक साधी युक्ती कामी येते. वाय-फायचा ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी वाय-फाय हवं, या कोंडीत पुष्कळजण अडकतात. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून फोनमध्ये यूएसबी टिदरिंग सुरू केलं, की लिनक्सला ते तारेचं नेटवर्क वाटतं आणि त्यासाठी लागणारे ड्रायव्हर कर्नलमध्ये जुनेच आहेत. फोनच्या डेटावर नवा कर्नल उतरतो आणि अमरावतीची फेरी वाचते.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल, तर दोन गोष्टींत घाई नको. विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, फेरफार केला की ती ४८ अंकांची रिकव्हरी की मागते. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, ती आधी कागदावर उतरवून घ्यावी. खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं असेल तर आणखीच जपावं. दुसरी गोष्ट, काही इंटेल लॅपटॉपांत इन्स्टॉलर एसएसडीपर्यंत पोचतच नाही, कारण बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी हा डिस्क हाताळण्याचा पर्याय चालू असतो. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत हा पर्याय लपलेला असतो आणि बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावरच दिसतो. पण तो थेट बंद केला, तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना देऊन मगच तो बदलतात. सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा तपासणी मात्र बंद करायची गरज सहसा पडत नाही, उबुंटू, डेबियन आणि फेडोरा त्यासह सुरू होतात.

गेमिंगच्या मोहाने एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी थोडी जास्त तयारी ठेवावी. २०१२मध्ये टॉरव्हाल्ड्सने फिनलंडमधल्या एका जाहीर कार्यक्रमात या कंपनीचा कठोर शब्दांत उद्धार केला होता. २०२२मध्ये कंपनीने आपल्या कर्नल ड्रायव्हरची संहिता खुली केली आणि परिस्थिती बरीच सुधारली. तरीही फक्त कोडिंग शिकायचं असेल, तर इंटेल किंवा एएमडीचं अंगचं ग्राफिक्स पुरेसं आहे आणि निर्धोकही.

मराठीपुरतं बोलायचं तर लिनक्सवर काळजीचं कारण नाही. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच. रेड हॅटने खुल्या केलेल्या लोहित फॉन्टवर पुण्यातल्या अभियंत्यांनी अनेक वर्षं मेहनत घेतली आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात आणि ते फुकट आहेत.

खरी कसोटी लागते ती तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानात. विंडोज १०ची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्यापासून इथेही लिनक्सचा विचार होतो आहे. कॉम्प्युटर जुना असल्याने लिनक्स त्यावर झटकन बसतं, अडतं ते भोवतालच्या यंत्रांवर. काउंटरवर हमखास दिसणारा एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर दर वेळी चालू झाला, की कॉम्प्युटरकडून फर्मवेअर मागतो, ते एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरचं वेगळं प्लगइन बसवल्यावर मिळतं. कॅननचा एलबीपी २९०० त्याहून हट्टी, त्याचा कंपनीने दिलेला लिनक्स ड्रायव्हर बसवताना जाणकारांचाही कस लागतो. आधारसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राला आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते लिनक्ससाठी मिळतं का, हे यंत्राच्या कंपनीलाच विचारावं. जुन्या अर्जांचे नमुने आयएसएमच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर ते युनिकोडमध्ये आणावे लागतात. अशा दुकानात एक कॉम्प्युटर विंडोजवर ठेवून बाकीचे लिनक्सवर नेणं शहाणपणाचं. आणि नवा प्रिंटर घ्यायची वेळ आली, तर एअरप्रिंट चालणारा बघून घ्यावा, तो लिनक्सला वेगळा ड्रायव्हर न मागता सापडतो.