सपाटीवरचा मस्तगड

युनेस्कोच्या यादीत महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले गेले, तेव्हापासून किल्ल्यांवर पुन्हा भरभरून लिहिलं जातंय. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतची नावं आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. यादी मराठा लष्करी भूप्रदेशाची होती, त्यामुळे तिच्यात मराठवाड्याचं एकही नाव नाही म्हणून भांडण्यात अर्थ नाही. भांडायचं तर आपल्या नजरेशी भांडावं लागेल. गड म्हटला की डोंगर हवा आणि चढताना छाती भरून आली पाहिजे, ही सवय सह्याद्रीने लावली. मग जालन्याचा मस्तगड कुणाच्या खिजगणतीत येणार? तिथे तर रिक्षाने दारापर्यंत जाता येतं.

सपाटीवरच्या कोटाने राखायचं असतं ते रस्ता, बाजार आणि पाणी. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या भागात अजून ऐकू येते. १६७९च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराज या पेठेवर चालून आले, तेव्हा आजचा मस्तगड उभाही नव्हता. चार दिवस शहर लुटलं जात होतं. पैसेवाल्यांनी आसरा घेतला तो जान महंमद या फकिराच्या बागेत. लूट घेऊन परतताना संगमनेरजवळ मोगल सरदार रणमस्तखानाने गाठलं, झुंजीत सिधोजी निंबाळकर पडले आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने सैन्य पट्टा किल्ल्यावर पोचवलं. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून पट्ट्याचा विश्रामगड झाला. आज विश्रामगडावर ट्रेकर जातात, आणि ज्या पेठेमुळे ही सगळी धावपळ झाली तिच्याकडे कुणी किल्ले पाहायला म्हणून फिरकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मस्तगड बांधला गेला १७२५मध्ये. निजामुल्मुल्क आसफजाहाच्या हुकमाने काबीलखानाने तो उभारला. हे साल महत्त्वाचं आहे. आदल्याच वर्षी, १७२४च्या ऑक्टोबरात, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला आसफजाहाने मोगल सुभेदार मुबारिझखानाला ठार केलं आणि दख्खनचा सुभा दिल्लीपासून जवळजवळ मोकळा करून घेतला. हवेसाठी त्याला औरंगाबादेपेक्षा जालना पसंत होतं, असं सांगतात. मला त्याहून मोठं कारण दिसतं ते पेठेचं. नव्या राज्याला पैसा लागतो आणि तो जालन्याच्या कुंडलिका नदीकाठी होता; ती पेठ मराठ्यांच्या हाती जाईल ही धास्तीही असणार. ती अनाठायी नव्हती. दोनच वर्षांत, १७२७च्या अखेरीस, बाजीराव पेशव्याची घोडी जालना-सिंदखेडच्या मुलखात उतरली. तिथून सुरू झालेली मोहीम पालखेडला निजामाच्या कोंडीपर्यंत गेली आणि १७२८च्या मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहावर थांबली.

गडाचा आराखडा साधा आहे: चौकोनी कोट आणि कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज. स्थापनेची नोंद करणारा फारसी शिलालेखही इथला. पण खरी पाहण्यासारखी होती ती विहीर. मोठी, आणि तिच्या पोटात गॅलऱ्या आणि खोल्या खोदलेल्या. जुन्या गॅझेटिअरात तिचं वर्णन आहे आणि ती ढिगाऱ्याने बुजल्याचीही नोंद आहे. बालेकिल्ल्यात तेव्हा नगरपालिकेची कार्यालयं होती. शहराभोवतीचा कच्च्या विटांचा तटही ढासळला. गॅझेटिअर लिहिलं जाईतो मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा एवढेच उरले होते. पाण्याची व्यवस्था मात्र या गडाहूनही जुनी. मोती तलाव जमशेदखानाने बांधला, काली मशीद, हमाम आणि सराईही त्याचीच. तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांत खेळवलेलं होतं.

मातीचा तट म्हणजे गरिबाचा तट, हा समज काढून टाकायला हवा. तोफेचा गोळा दगडी भिंतीवर आदळला की चिरे फुटतात, सांधे निखळतात. जाड मातीच्या भिंतीत तोच गोळा रुतून बसतो. १८०५ साली इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने भरतपूरच्या मातीच्या तटावर चार हल्ले चढवले आणि चारही फसले. मराठवाड्यातल्या गढ्या याच जातकुळीच्या. त्यांना शत्रूपेक्षा पावसाने आणि आपण संपवलं. गढीची पांढरी माती धाब्याच्या घरांना आणि शेताला चांगली, म्हणून ती टोपल्या-टोपल्यांनी उकरली गेली.

मातीच्या भिंतींची ताकद भोकरदन तालुक्यातल्या असईला कळते. केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यातलं हे मातीच्या भिंतींचं गाव. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १८०३च्या सप्टेंबरात, २ तारखेला इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलं आणि २३ तारखेला आर्थर वेलस्ली इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आला. त्याच्याकडे लढाईत उतरलेले जेमतेम साडेचार हजार; समोर शिंद्यांच्या कवायती पलटणीच दहा हजारांहून जास्त, शिवाय घोडदळ आणि शंभरेक तोफा. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं केळनेच्या दोन काठांना समोरासमोर दिसली, म्हणजे मध्ये उतार असणारच, या अंदाजावर तो पलीकडे गेला. असईच्या भिंतींच्या आसऱ्याने मात्र शिंद्यांच्या पायदळाने आणि तोफांनी त्याची ७४वी हायलँडर पलटण जवळजवळ संपवली. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना अजिंठ्याच्या गावकोटात नेलं. वॉटर्लू जिंकल्यानंतरही वेलस्ली आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेत असे. इंग्रजी पुस्तकांत असई सेनापतीच्या चातुर्याची कथा होऊन बसली. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत आणि तोफांपाशीच कापले गेले, हे त्याच पुस्तकांत एखाद्या वाक्यात येतं. तो भाग मराठीत नीट लिहिला जायला हवा.

समृद्धी महामार्गावरून जाणाऱ्यांनी जालन्याला उतरावं. सकाळी मस्तगड आणि मोती तलाव, दुपारी भोकरदनमार्गे असई, एवढं एका दिवसात होतं. २०२३मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. तिच्याकडे मागणी एकच: पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली मस्तगडाची विहीर उपसावी. ढिगारा शास्त्रशुद्ध चाळला तर तीनशे वर्षांचं शहर त्यात थरांनी सापडेल, आणि गॅझेटिअरातल्या त्या खोल्या खरोखर कशासाठी होत्या, हेही समजेल.