भाषा शेजारची, माणूस आपला

सालेकसाहून निघालेली गाडी दरेकसा सोडते आणि डोंगरगडला पोचेपर्यंत फलाटावरची बोली बदललेली असते. आमच्या तालुक्यातल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. घरात पोवारी, गोंडी नाहीतर छत्तीसगढी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, असंच आम्ही वाढलो. त्यामुळे समोरचा कुठून आलाय हे इथल्या कानाला दोन वाक्यांत कळतं. हिंदी सिनेमा बघतानाही हा कान बंद होत नाही. पडद्यावर हवालदार बोलला, घरकामाची बाई बोलली, कॉलेजचे मास्तर बोलले, की घरातलं कुणीतरी म्हणणारच, "हा आपल्याकडचा दिसतो."

या 'आपल्याकडच्या' माणसांची आठवण यंदाच्या दिवाळीत काढायची आहे. नूतन, स्मिता, माधुरी यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते नायकाच्या खांद्यामागे उभं राहून अख्खा प्रसंग पेलणाऱ्या मराठी चरित्र अभिनेत्यांबद्दल.

बोलण्याच्या वळणावरून माणूस ओळखला जाणं आणि तेवढ्यावरच त्याला काम मिळणं, हे जगात सगळीकडे चालतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 1932 साली जन्मलेला एड बिशप लंडनला नाट्यशिक्षण घ्यायला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. भाषा इंग्रजीच, पण उच्चार अमेरिकी. म्हणून ब्रिटिश पडद्यावर त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा अमेरिकी लष्करी अधिकारी, अंतराळयानाचा कप्तान असली माणसं आली. 'यूएफओ' या 1970 च्या मालिकेतला कमांडर स्ट्रेकर ही त्याची सर्वांत गाजलेली भूमिका. 2005 मध्ये तो इंग्लंडमध्येच वारला. ज्या उच्चारावर त्याचं पोट चाललं, त्याच उच्चाराचं कुंपण त्याला आयुष्यभर होतं. हिंदीत गेलेल्या मराठी नटाची गोष्ट याहून फार वेगळी नाही. फरक एवढाच की आपल्यातल्या काही जणांनी ते कुंपण ओलांडलं.

पहिलं नाव ललिता पवारांचं. जन्म 1916, येवल्याचा. मूकपटांपासून काम करणारी ही नायिका. 1942 मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान दादांच्या हातची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकापद तिथेच संपलं. दुसरी कुणी घरी बसली असती. या बाईंनी तो डोळा घेऊनच पुढची चाळीसहून जास्त वर्षं काढली. खाष्ट सासू म्हणून त्या घराघरांत पोचल्या, पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण 'श्री 420' (1955) मधल्या केळेवालीत आणि 'अनाडी' (1959) मधल्या मिसेस डिसा या घरमालकिणीत आहे. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. तोंडाने फटकळ, मनाने मऊ अशी ही ख्रिस्ती बाई उभी करताना त्यांना आपली मराठी जीभ लपवावी लागली नाही. मुंबईच्या गल्लीत अशाच चार भाषा एकमेकींत मिसळतात.

1987 मध्ये 'रामायण' सुरू झालं, तेव्हा गल्लीतल्या एकाच टीव्हीसमोर रविवारी सकाळी सगळे जमायचे. ललिता पवारांची मंथरा दिसली की आमची आजी पदर तोंडाशी धरायची आणि पुटपुटत शिव्या द्यायची. ही बाई नाशिक जिल्ह्यातली, मराठी आहे, असं कुणीतरी सांगितलं. आजी क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "मंग जेवण-खाणं तरी बरं होत असंल का वं तिचं तिकडं?" मंथरेबद्दलचा राग तसाच राहिला, पण बाईची काळजीही सुरू झाली.

डॉ. श्रीराम लागूंबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची खरी उंची मराठी रंगभूमीवर आहे. कान-नाक-घशाचे हे सर्जन हिंदीत आले आणि 'घरौंदा' (1977) साठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. ॲटनबरोंच्या 'गांधी'त (1982) गोपाळ कृष्ण गोखले तेच झाले. त्याच चित्रपटात पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा होत्या, आणि सहायक भूमिकेसाठीचा ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्यांनी मिळवला. अच्युत पोतदार तर आमच्या बाजूचेच म्हणायचे. गोंदियाहून सातपुड्यातून रेल्वे ज्या जबलपूरला जाते, तिथला त्यांचा जन्म. लष्करात होते, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी केली, आणि नोकरी सांभाळतच सिनेमात आले. 'थ्री इडियट्स'मधला त्यांचा प्राध्यापक दोन मिनिटांचा असेल, पण तो आजही पोरांच्या तोंडी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये ते गेले.

आणि सदाशिव अमरापूरकर. 1950 साली अहमदनगरला जन्मलेला हा नट. 'हँड्स अप' या मराठी नाटकात गोविंद निहलानींनी त्यांना पाहिलं आणि 'अर्धसत्य'मध्ये (1983) रामा शेट्टी दिला. या चित्रपटाला मी मराठीचाच हिंदी सिनेमा म्हणतो. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, कविता दिलीप चित्रे यांची. नायक वेलणकर मराठी, आणि रामा शेट्टी नावाने दक्षिणेकडचा, राहणारा मुंबईचा, साकारणारा नगरचा. त्या काळचा हिंदी खलनायक डोळे वटारायचा, आरडाओरडा करायचा. अमरापूरकर आवाज चढवतच नाहीत. सावकाश, जवळजवळ आळसात बोलतात. शब्दांमध्ये ते जो थांबा घेतात तो हिंदीचा नाही, नगरकडच्या पारावर बसलेल्या वजनदार माणसाचा आहे. समोरच्याला आपलं म्हणणं ऐकावंच लागणार आहे, याची त्याला खात्री असते. वेलणकर शेवटी त्याचा गळा दाबतो तेव्हा प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटतं, ते त्या थांब्यांमुळे. काही मोजकेच प्रसंग, पण सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर त्यांच्याकडे आलं.

पुढे 'सडक'मधली (1991) महाराणी आली आणि खलभूमिकेसाठी नव्याने सुरू झालेल्या फिल्मफेअर पुरस्काराचे ते पहिले मानकरी ठरले. मधल्या आणि नंतरच्या पुष्कळ चित्रपटांत हिंदीने त्यांना भडक कामं दिली, विनोदाच्या नावाखाली वाया घालवलं. हे मनाला लागतं, कारण या नटाकडे काय होतं ते आपण 'अर्धसत्य'मध्ये पाहिलेलं असतं.

'बॉम्बे टॉकीज' (2013) या चित्रपटात दिबाकर बॅनर्जींची 'स्टार' ही गोष्ट आहे, सत्यजित राय यांच्या कथेवर बेतलेली. मुंबईच्या चाळीतला पुरंदर, नवाजुद्दीन सिद्दीकीने केलेला, एकेकाळी नाटकात होता. घरी त्याने एक ईमू पाळलाय. एके दिवशी त्याला अचानक सिनेमात काम मिळतं, आणि ते एवढंच, की रस्त्याने येताना नायकाला धडकायचं. तो तालीम करत असताना त्याचे दिवंगत नाट्यगुरू समोर येतात आणि त्याच्याशी मराठीत बोलतात. एका धक्क्याच्या भूमिकेलाही माणूस हवा, हे त्याला कळतं ते त्या भेटीनंतर. ते गुरू सदाशिव अमरापूरकर. पुढच्याच वर्षी, 3 नोव्हेंबर 2014 रोजी ते गेले. अंत्यसंस्कार नगरला झाले.