गुंतवणूकदार काय विचारणार? टप्प्याटप्प्याची तयारी, आणि म्हसवडच्या महिलांचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पिच कशी करायची ते बघितलं. पण खरी परीक्षा पिच संपल्यावर सुरू होते. समोरचा माणूस शांतपणे विचारतो, "एका पाकिटामागे सुटतात किती?" आणि इथे भलेभले गडबडतात. म्हणून आज फक्त प्रश्नांबद्दल बोलूया. कुठल्या टप्प्यावर काय विचारतात, का विचारतात आणि तयारी कशी करायची.

आधी एक खरी गोष्ट. आपल्याच सातारा जिल्ह्यातली आहे.

म्हसवडला काय झालं?

माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी भाग. इथल्या म्हसवडमध्ये रोजंदारीवर जगणाऱ्या बायकांना रोजचे थोडे थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्या छोट्या रकमेचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या. तेव्हा चेतना गाला सिन्हा आणि या महिलांनी ठरवलं, आपलीच बँक काढायची. रिझर्व्ह बँकेकडे परवान्यासाठी अर्ज गेला आणि तो नामंजूर झाला. कारण काय, तर अर्ज करणाऱ्या बऱ्याच महिला निरक्षर, सहीच्या जागी अंगठे!

आपल्यातले कितीतरी जण इथेच म्हणाले असते, "जाऊ दे, आपलं काम नाही ते." या महिलांनी मात्र दिवसभराचं काम उरकून अक्षरं गिरवायला सुरुवात केली. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज केला आणि त्यातल्या काही जणी स्वतः रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमच्या लहानपणी शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही. पण हिशेब आम्हाला येतो. कुठलीही मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं!

परवाना मिळाला. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, रिझर्व्ह बँक कुठे गुंतवणूकदार आहे? बरोबर, नाहीये. पण तिच्या मनातली शंका तीच होती, जी पैसे देणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असते: "हे लोक पैसा सांभाळू शकतील का?" त्या महिलांनी तीन गोष्टी केल्या. नकाराचं नेमकं कारण समजून घेतलं. त्या कारणावर काम केलं. आणि आपली खरी ताकद समोरच्याला तिथल्या तिथे दाखवली. हे तीन मुद्दे वहीत लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहेत.

मुख्य सूत्र: प्रश्नामागची भीती ओळखा

प्रत्येक टप्प्यावर पैसे देणाऱ्याची भीती बदलते, म्हणून प्रश्नही बदलतात. तीच ती पिच सगळीकडे चालत नाही.

टप्पा १: कल्पना आहे, विक्री नाही

इथे पैसे येतात स्वतःचे, घरच्यांचे, किंवा मुद्रासारख्या योजनेतून. मुद्राच्या 'शिशू' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. नावीन्यपूर्ण स्टार्टअप असेल तर इन्क्युबेटरमार्फत सीड फंडसाठी अर्ज करता येतो.

भीती: "हा मध्येच सोडून देईल का?"

प्रश्न असे येतात:
- हे तुम्हीच का करताय? यातलं तुम्हाला काय येतं?
- विकत कोण घेणार? किती जणांना विचारलंत?
- पदरचे किती घातलेत?
- हे पैसे नेमके कशावर आणि किती महिने पुरणार?

तयारी: किमान ३० संभाव्य ग्राहकांशी बोला. "छान आहे" हे उत्तर धरू नका. ॲडव्हान्स देणारे किती, ते मोजा. पाच जणांनी आगाऊ दिलेले शंभर-शंभर रुपये हा पन्नास लाइकपेक्षा मोठा पुरावा आहे.

आणि हो, मामाकडून किंवा मेव्हण्याकडून पैसे घेताय? मग ते उसने आहेत की धंद्यातला हिस्सा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. धंदा चालला की "मी पार्टनर आहे" आणि बुडाला की "माझे पैसे दे", हे वाद याच एका कागदाअभावी होतात. पुढचा गुंतवणूकदारही हा कागद मागणारच.

टप्पा २: विक्री सुरू झाली (सीड, एंजल)

भीती: "हा धंदा आहे की नुसती धावपळ?"

इथे आकडे बोलतात. समजा तुम्ही बाजरीची बिस्किटं करता. जीएसटी बाजूला ठेवून एका पाकिटाचा हिशेब असा:

- विक्री किंमत: ६० रुपये
- दुकानदाराचा वाटा: १२
- कच्चा माल: २२
- पॅकिंग: ६
- मजुरी: ८
- वाहतूक: ३

एकूण गेले ५१, हातात राहिले ९. आता भाडं, वीजबिल, पगार मिळून महिन्याचा ठरलेला खर्च २७ हजार असेल, तर ना नफा ना तोटा यायला महिन्याला ३,००० पाकिटं विकावी लागतील. २,५०० विकली तर साडेचार हजारांचा तोटा. हे गणित फोन न काढता सांगता आलं पाहिजे. म्हसवडच्या महिलांनी व्याज सांगायची तयारी दाखवली होती, तसंच.

पुढचे प्रश्न: पुन्हा घेणारे ग्राहक किती? कच्चा माल १० टक्क्यांनी महागला तर? (वरच्या हिशेबात २२ चे २४.२० होतात, म्हणजे ९ रुपयांचे उरतात ६.८०. विकायची पाकिटं जवळपास ४,००० वर जातात!) आणि शेवटी, "कंपनीची किंमत किती धरलीत?"

इथे एक गोंधळ नेहमी होतो. १० लाखांना १० टक्के हिस्सा दिला, तर पैसे आल्यानंतरची किंमत १ कोटी आणि आधीची ९० लाख. तुम्ही कुठली सांगताय, ते स्पष्ट करा. शिवाय प्रोप्रायटरशिपमध्ये शेअर देता येत नाहीत. हिस्सा द्यायचा तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. हे बैठकीत कळण्यापेक्षा आधी सीएशी बोललेलं बरं.

टप्पा ३: वाढ (सिरीज ए आणि पुढे)

भीती: "मोठं करताना मोडेल का?"

सगळ्यात नेमका प्रश्न असतो उधारीचा. वरच्याच उदाहरणात महिन्याला ३,००० पाकिटं, ४८ रुपयांनी, म्हणजे १ लाख ४४ हजार येणं. डिस्ट्रिब्युटर ४५ दिवसांनी पैसे देत असेल, तर कायम २ लाख १६ हजार बाजारात अडकलेले. विक्री दुप्पट झाली की ४ लाख ३२ हजार! कागदावर नफा आणि गल्ल्यात खडखडाट, तो असा होतो. वाढीसाठी पैसे मागताना ही रक्कम धरलेली असलीच पाहिजे.

बाकीचे प्रश्न: सगळ्यात मोठा ग्राहक उद्या गेला तर? एक नवा ग्राहक आणायला किती खर्च येतो? तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर धंदा कोण बघेल?

याच टप्प्यावर कागद तपासले जातात. जीएसटी रिटर्न, आयकर रिटर्न आणि बँक स्टेटमेंट, तिन्हींत विक्रीचा मेळ लागला पाहिजे. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय परवाना, ब्रँडच्या नावाची नोंदणी, भागधारकांचे करार, हे सगळं एका फाइलमध्ये तयार ठेवा.

बँक वेगळी, गुंतवणूकदार वेगळा

बँकेला भीती असते पैसे बुडण्याची. म्हणून ती विचारते, हप्ता कुठून भरणार? गुंतवणूकदाराला भीती असते धंदा छोटाच राहण्याची. म्हणून तो विचारतो, माझा हिस्सा पुढे कोण आणि कितीला विकत घेईल? बँकेसमोर देशभर शाखांचं स्वप्न आणि गुंतवणूकदारासमोर तारण ठेवायच्या प्लॉटचा सातबारा, असं उलटं करू नका.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: मला गुंतवणूकदार हवाच आहे का? माणदेशीची बँक उभी राहिली ती महिलांच्या स्वतःच्या बचतीवर. मुद्रा योजनेतही आता २० लाखांपर्यंत मर्यादा आहे, मात्र वरचा गट आधीचं 'तरुण' कर्ज नीट फेडलेल्यांसाठी. तुमचा धंदा ग्राहकांच्या पैशावर आणि छोट्या कर्जावर वाढत असेल, तर हिस्सा विकायची घाई कशाला?

उत्तर येत नसेल तर?

ठोकून देऊ नका. "हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, गुरुवारपर्यंत पाठवतो," असं सांगा आणि बुधवारी पाठवा. नकार आला तर एकच विचारा, "कुठली गोष्ट बदलली तर तुम्ही पुन्हा विचार कराल?" मिळालेलं उत्तर म्हणजे तुमच्या पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यासक्रम.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या एका नगाचा हिशेब वर दिलाय तसा लिहून काढा.
२. तुमचा टप्पा ठरवा आणि त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं दोन ओळीत उत्तर लिहा.
३. घरातल्या सर्वात शंकेखोर माणसाला गुंतवणूकदार करून समोर बसवा. फोन लांब ठेवा. अर्धा तास त्याला प्रश्न विचारू द्या.

जिथे अडखळाल, तिथून तयारीला सुरुवात करा. पुढच्या व्हिडिओत आपण नगाचा हिशेब साध्या वहीत कसा मांडायचा ते बघू. भेटूया!