आजीच्या पावल्या

वर्गात एकदा मी सहज ‘पावली’ या शब्दाचा अर्थ विचारला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “लहान पाऊल.” मागून एका वारकरी घरातल्या मुलाने सांगितले, “वारीत टाळमृदंगावर खेळतात ती.” दोघांनाही मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले, पण मला हवी होती ती पावली काही निघाली नाही. त्यात त्यांचा तरी काय दोष? दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली, असे हे एके काळचे भरलेले घराणे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली, चौसष्ट पैशांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि आण्यांचा संसार आटोपला. तरी आमच्या लहानपणी पंचवीस पैशांच्या नाण्याला सगळे ‘चार आणे’च म्हणत. जून २०११ अखेर तेही चलनातून गेले. आता आणे उरले ते फक्त बोलण्यात. एखादी गोष्ट अजूनही सोळा आणे खरी असते आणि चार आण्यांच्या कोंबडीला अजूनही बारा आण्यांचा मसाला लागतो!

माझ्या आजीकडे मात्र खऱ्याखुऱ्या पावल्या होत्या. मोजून सहा. पितळेच्या एका लहान डबीत, हळदीने पिवळ्या झालेल्या फडक्यात बांधलेल्या. वर्षातून एकदाच, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, त्या बाहेर निघत आणि पाटावर लाह्याबत्ताशांच्या शेजारी ओळीने बसत.

आजीने ग्रेशॅमचे नाव ऐकले नव्हते. पण हलके नाणे भारी नाण्याला बाजारातून हुसकावते हा त्याचा सिद्धांत तिला पुरता ठाऊक होता. कंपनी सरकारने १८३५ साली देशभर एकच रुपया सुरू केला तेव्हापासून बारातले अकरा भाग चांदी हे त्याचे प्रमाण होते. त्याची पावली भरायची तीन ग्रॅमला किंचित कमी. पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण झाली, म्हणून १९१९ पासून काही वर्षे तांबे व निकल यांच्या मिश्रणाच्या, कातरलेल्या कडेच्या चवन्याही निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, नाण्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४६ साली पावली निव्वळ निकलची झाली. आजी नवी सून होती ती याच काळात. “वाजवून बघायची,” ती सांगे. “खणखणीत वाजली की डबीत, बद्द वाजली की वाण्याकडे.” अमेरिकेतही नेमके हेच घडले. तिथल्या पाव डॉलरच्या नाण्यात नव्वद टक्के चांदी असे. १९६५ च्या कायद्याने ती काढून टाकली आणि जुनी नाणी पाहता पाहता लोकांच्या कपाटांत गेली. माणसे कुठलीही असोत, आजीच्याच जातीची!

आता माझा गुन्हा सांगतो. मी नऊ वर्षांचा असेन. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, आजी वामकुक्षीला पडलेली पाहून, पावल्या लखलखीत करून तिला चकित करावे असे माझ्या मनात आले. चिंच आणि रांगोळी घेऊन मी पहिलीच पावली घासायला बसलो. १९०७ सालची, सातव्या एडवर्डची. राजेसाहेबांची दाढी गेली, कान गेला, मग भुवई गेली. दुसरीला हात घालणार तोच आजी उठली. तिने मला मारले नाही. ती नुसती म्हणाली, “चांदी काय रे, उद्याही मिळेल. झिज मात्र परत येत नाही.” पुढे नाण्यांचा नाद लागल्यावर जाणकारांकडून पहिला धडा मिळाला तो हाच, की जुने नाणे घासू नये. त्यावरची काळसर छटा हेच त्याचे वय आणि तेच त्याचे मोल.

आम्ही नातवंडे सहा, पावल्याही सहा. आजीने जाण्यापूर्वी स्वतःच्या हाताने वाटणी केली. घासलेली पावली न्यायाने माझ्याकडे आली. दादाला मिळाली १९०४ ची, सुरेख, केस न् केस दिसणारी. चुलतभावंडांच्या पावल्यांपैकी एकीचे लेकीसाठी पैंजण झाले, एक विकली गेली, दोन कुठे गेल्या हे त्यांनाही सांगता येत नाही. दादा अमेरिकेला जाताना त्याची पावली माझ्या हवाली करून गेला.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी हिंडू लागलो तो या दोन पावल्यांमुळे. तिथे बरेच शिकलो आणि थोडा फसलोही. रामपंचायतनाचे चित्र असलेला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचा, १८१८ सालचा तांब्याचा ‘आणा’ मी मोठ्या भक्तीने विकत घेतला. असे नाणे कंपनीने कधी पाडलेच नव्हते! वाचकहो, तुमच्या देव्हाऱ्यात तो असेल तर खुशाल पुजा. पण ठेवा म्हणून पैसे मोजू नका. एक खरी शिवराई मात्र मिळाली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, अक्षरे अर्धी काठाबाहेर गेलेली.

गेल्या उन्हाळ्यात दादा सहकुटुंब आला. पुतण्या अकरा वर्षांचा. त्याच्याजवळ जाड पुठ्ठ्याची एक वही होती. अमेरिकेने १९९९ ते २००८ या दहा वर्षांत दरसाल पाच अशी पन्नास राज्यांची पन्नास पाव-डॉलर नाणी काढली. ती सगळी तीत बसवलेली. “काका, तुमचा क्वार्टर कुठाय?” त्याने भर गॅलरीत विचारले. पुण्यात या शब्दाला भलताच वास असल्यामुळे शेजारच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे पाहिले!

मी दोन्ही पावल्या आणल्या. दादाने आपली उचलली आणि म्हणाला, “ही आता याला देतो. घेऊन जाईल.” मला सांगणे भाग पडले, की १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो. तो घरी ठेवता येतो, पण आपल्या मनाने परदेशी नेता येत नाही. दादाचा चेहरा उतरला. “आजीची पावली सरकारची कशी?” आणि थोड्या वेळाने, हळूच, “तुलाच ती हवी आहे, असं सरळ सांग ना.”

दोन दिवस घरात जेवणापुरते बोलणे झाले. मला राग आला होता. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट नाकारता येईना. कायदा खरा होता, आणि मला ती पावली हवी होती हेही खरे होते. इतकी वर्षे मी ती माझ्या पावलीशेजारी ठेवून, माझ्या नऊ वर्षांच्या हातांनी काय घालवले ते पाहत आलो होतो. तिसऱ्या दिवशी मी दादाला हे सगळे सांगितले आणि त्याची पावली सदाशिव पेठेत आत्याच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, पुतण्याच्या नावाची चिठ्ठी घालून. आत्या म्हणाली, “मोठा झाला की येऊन बघेल. येण्याला एक निमित्त झालं.” दादा हसला, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.

पुतण्याला मी १९५० ची निकलची पावली दिली. प्रजासत्ताकाच्या पहिल्या नाण्यांपैकी ती एक. राजाच्या मुखवट्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह, मागे गव्हाच्या ओंब्या. तिला शंभर वर्षे व्हायला अवकाश आहे. त्याने तिला वहीत जागा केली आणि आपल्या न्यू जर्सीचे नाणे काढून माझ्या हातावर ठेवले. त्यावर वॉशिंग्टन होडीत उभा राहून नदी पार करतो आहे.

यंदा लक्ष्मीपूजनाला आमच्या पाटावर दोन नाणी असतील. एक माझी बिनचेहऱ्याची पावली आणि शेजारी तो होडीतला वॉशिंग्टन. दोन्ही पाव हिश्शाचीच. आत्यालाही बोलावले आहे. डबी घेऊन येते म्हणाली.