घर पाहावे पारखून

‘घर पाहावे बांधून’ असे म्हणणाऱ्याला घर बांधणाऱ्याचे कष्ट पुरते ठाऊक होते. तयार घर विकत घेणाऱ्याची पंचाईत मात्र त्याच्या काळी फारशी उद्भवत नसावी. आपल्या गावात घर बांधणारा मनुष्य जागा, गवंडी आणि शेजारी या तिघांनाही ओळखून असे. नोकरीच्या गावी घर घेणारा आजचा गृहस्थ यांपैकी एकालाही ओळखत नाही. आयुष्याची पुंजी आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचे कर्ज तो एका सहीने गुंतवितो, आणि तेही पुष्कळदा दोन भेटींत बसलेल्या पसंतीवर. म्हणून घराची पारख कोणत्या क्रमाने करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल पिंप्राळा घ्यावे. आषाढी एकादशीच्या रथोत्सवामुळे पंचक्रोशीत ख्याती पावलेले हे जुने गाव जळगाव शहर वाढत गेले तसे त्याचे उपनगर बनले. २१ मार्च २००३ रोजी जळगावची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. अशा ठिकाणी विक्रीस निघणारी घरे सामान्यतः तीन प्रकारची असतात : गावठाणातील जुनी घरे, पूर्वीच्या शेतजमिनींवर पाडलेल्या भूखंडांवरील बंगले, आणि नव्या इमारतींतील सदनिका. तिन्ही घरे शेजारी शेजारी उभी असली, तरी तिघांचे कागद निरनिराळे असतात.

बहुतेक माणसे आधी भिंती पाहतात, मग किंमत ठरवितात, आणि कागद शेवटी मागतात. तोवर मन गुंतलेले असते, विसारही देऊन झालेला असतो. मग कागदातील दोष दिसला तरी तो किरकोळ वाटू लागतो. खरा क्रम याच्या उलट आहे. भिंतीतील दोष पैसा खर्चून दुरुस्त होतो. मालकीतील दोष पैशाने दुरुस्त होईलच असे नाही.

शेतजमिनीवर पाडलेल्या भूखंडाच्या बाबतीत सातबाराचा उतारा प्रथम पाहावा. त्यातील नमुना सातमध्ये धारकाचे नाव, धारणाप्रकार व इतर अधिकार यांची नोंद असते. नमुना बारामध्ये पिकांची. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असल्यास हस्तांतरावर निर्बंध असतात, आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आहे काय हे पाहावे लागते. ‘इतर अधिकार’ या रकान्यात कर्जाचा बोजा सापडतो. जमीन अकृषिक झाली आहे काय आणि भूखंडांचा आराखडा मंजूर आहे काय, हेही तपासावे. मंजुरीवाचून तुकडे पाडून विकलेल्या जमिनींसाठी २००१ साली गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा झाला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविण्यात आली. परंतु कायदा असणे वेगळे आणि विशिष्ट भूखंड नियमित झालेला असणे वेगळे. विक्रेत्याकडून त्या भूखंडाचाच दाखला मागावा. नगरभूमापन झालेल्या भागात सातबाराऐवजी मिळकतपत्रिका हा मुख्य कागद असतो.

उताऱ्यावर आज कोणाचे नाव आहे, यापेक्षा ते नाव कसे लागले हे महत्त्वाचे. त्याची कथा फेरफाराच्या नोंदींत मिळते. वडिलांच्या मृत्यूनंतर केवळ मुलांची नावे लागली आणि मुलींची राहिली, असे पुष्कळ घरांत झालेले आहे. महसुली नोंद झाली नाही म्हणून मुलीचा वारसाहक्क बुडत नाही; शिवाय २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी मुलासारखीच सहदायाद ठरली. भावांनी विकलेल्या घरावर बहिणीने पुढे दावा लावला, तर त्या भाऊबंदकीचा भुर्दंड घर घेणाऱ्यास सोसावा लागतो. म्हणून सर्व वारसांच्या सह्यांचा आग्रह धरण्यात संकोच कसला? वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेण्याची जुनी रीतही याचसाठी आहे.

व्यवहाराचा दस्तही नीट ओळखावा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साठेखत हा विक्रीचा करार होय. त्याने मालकी मिळत नाही, ती खरेदीखताने मिळते. मुखत्यारपत्रावर होणाऱ्या तथाकथित विक्रीने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

सदनिका घेणाऱ्यास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. सामान्यतः पाचशे चौरस मीटरांहून अधिक जमिनीवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक आहे. करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधकाम करणाऱ्यास घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला रचनेतील दोष त्याने विनामूल्य दूर करावयाचा असतो.

संस्था मोठी असली म्हणजे चौकशी नको, हाही भ्रमच होय. जळगावच्या तत्कालीन नगरपालिकेने १९९० नंतरच्या दशकात कर्ज काढून हजारो घरकुलांची योजना हाती घेतली. पैकी बरीच अपुरी राहिली. २००६ साली फिर्याद झाली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. पुढे अपिलेही झाली. या सगळ्यात घराची वाट पाहणाऱ्या कुटुंबांची वर्षे मात्र कोणीच परत देऊ शकत नाही.

कागद निर्वेध ठरले की मग जमीन पाहावी. खानदेशात काळी माती विपुल आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यातच थांबला, तर घर दरवर्षी किंचित हलते. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात आणि दारे अडू लागतात. पाया मुरमापर्यंत किंवा कठीण थरापर्यंत नेला आहे काय, हे विचारावे. नव्या रंगाखाली बुजविलेल्या चिराही शोधाव्यात.

जळगावचा उन्हाळा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत नेतो. जुन्या धाब्याच्या घरांत मातीचे जाड छप्पर व जाड भिंती दुपारचे ऊन अडवीत. आजच्या पातळ काँक्रीटच्या छताखाली तसे होत नाही. वरच्या मजल्याची आणि पश्चिमेकडील भिंतीची खोली मे महिन्यातील दुपारी चार वाजता पाहिली, म्हणजे घराचा खरा स्वभाव कळतो. तसेच मोठा पाऊस पडून गेल्यावर एकदा जावे. पाणी कोठे साचते ते तेव्हाच दिसते. नळाला पाणी किती दिवसांनी व किती वेळ येते, हे विक्रेत्यापेक्षा शेजारच्या गृहिणींना विचारावे. त्यांना खोटे सांगण्याचे कारण नसते.

इतके पाहूनही निर्दोष घर क्वचितच मिळेल. लहान स्वयंपाकघर, दूरची शाळा, अरुंद गल्ली यांच्याशी तडजोड करता येते आणि संसार त्यातही सुखाचा होतो. मालकी, पाया आणि पाणी या तिहींत मात्र तडजोड नसावी. शोध पुरा होईपर्यंत विसार देऊ नये. दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, या धाकाला तर मुळीच बळी पडू नये. हातचे एक घर गेले तर दुसरे मिळते. गेलेली पुंजी पुन्हा जमविण्यास दुसरे आयुष्य मिळत नाही.