कुठला प्लग? आधी आकडा वाचा

बदलापूर-अंबरनाथमधल्या कितीतरी मोटारींचा दिनक्रम ठरलेला असतो. सकाळी घरापासून स्टेशनपर्यंत दोन-तीन किलोमीटर, दिवसभर उन्हापावसात उभे राहणे आणि रात्री मालक लोकलमधून उतरला की तेवढाच परतीचा प्रवास. रविवारी फार तर उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटपर्यंत फेरी, तीही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. किलोमीटर पडत नाहीत म्हणून मालक निर्धास्त असतो. मग एखाद्या पावसाळी सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारूनही गाडी लागत नाही, लागली तर थरथरते. गॅरेजवाला कान देऊन ऐकतो आणि सांगतो, ‘मिसिंग करतेय, प्लग बदला.’ दुकानात पुढचा प्रश्न येतो, ‘साधा देऊ की इरिडियम?’ आणि निवड किमतीवर होऊन जाते. खरे तर किमतीचा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा.

स्पार्क प्लगचे काम ऐकायला सोपे आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट इग्निशन कॉइलमध्ये वीस-तीस हजारांपर्यंत चढतात आणि प्लगच्या टोकाशी, साधारण एक मिलिमीटरच्या फटीत, ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग सेकंदाला 25 ठिणग्या टाकतो. समोर पेटणाऱ्या ज्वाळेचे तापमान दोन हजार अंशांच्या वर. या भट्टीत प्लगच्या टोकाने फार थंड राहून चालत नाही आणि फार तापूनही चालत नाही. साधारण 450 ते 850 अंश सेल्सिअस ही त्याची सोयीची मर्यादा. त्याखाली राहिला तर काजळी जळून जात नाही. ती साचत जाते आणि वीज फटीतून उडी मारण्याऐवजी काजळीवरून पळते. मर्यादेच्या वर गेला तर ठिणगी पडण्याआधीच लालबुंद टोकाने मिश्रण पेटते. असे वारंवार झाले तर पिस्टनला भोक पडू शकते.

टोक किती तापेल, हे ठरते आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या नाकावर. नाक लांब असेल तर उष्णता उशिरा बाहेर पडते, तो ‘गरम’ प्लग. आखूड असेल तर ‘थंड’. याला हीट रेंज म्हणतात आणि ती प्लगवरच्या कोडमध्ये आकड्याने लिहिलेली असते. गोंधळ इथेच होतो. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉशच्या प्लगवर बरोबर उलटे. शिवाय एनजीकेचा 6 आणि डेन्सोचा 20 हे जवळपास एकाच जातीचे. त्यामुळे ‘कंपनी वेगळी आहे, पण नंबर तोच आहे’ असे म्हणून हातात दिलेला प्लग चुकीचा असण्याचीच शक्यता जास्त. कंपनी बदलायची तर तिच्या तक्त्यात आपल्या गाडीचे मॉडेल, इंजिन आणि वर्ष शोधावे. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत मूळ कोड छापलेला असतो. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात विम्याच्या कागदांखाली बहुधा सापडते.

आट्यांची लांबीही तितकीच महत्त्वाची. प्लग आखूड असेल तर ठिणगी आडोशाला पडते. लांब असेल तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळू शकतो. बसला म्हणजे जमला, असे नव्हे.

आता इरिडियम. हा धातू सुमारे 2446 अंशांना वितळतो, निकेल 1455 ला. त्यामुळे इरिडियमचे टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवता येते, ते झिजते हळू आणि त्यावर ठिणगी कमी दाबातही पडते. निकेलचे प्लग साधारण वीस ते चाळीस हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. ‘पिकअप वाढतो’ हे मात्र दुकानातले बोलणे. जुना प्लग झिजलेला असेल तर नव्या साध्या प्लगनेही पिकअप वाढतोच. ज्या इंजिनाला निर्मात्याने निकेलचा प्लग सांगितला आहे, त्याच्या मालकाने तोच वेळेवर बदलला तरी काही बिघडत नाही.

सीएनजीवरच्या गाडीचे गणित थोडे वेगळे. गॅस आणि हवेचे मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून झिजून रुंदावलेली फट पेट्रोलवर चालून जाते आणि गॅसवर धक्के देते. अशा गाडीत प्लग लवकर तपासावेत आणि फट पुस्तिकेत दिली आहे तेवढीच ठेवावी. स्टेशनपुरती चालणारी गाडी तर थंड इंजिनामुळे पेट्रोलवरच सुरू होते आणि गॅसवर येते न येते तोच बंद होते. तिच्यात काजळी धरण्याचा धोका अधिक. ‘गॅसवर थंड प्लग चांगला’ हा सल्ला ऐकून तिला मुद्दाम थंड प्लग लावला, तर काजळी आणखी वाढते. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर नेलेली बरी.

बनावट मालाचा विषय निघाला की लोक उल्हासनगरचा जुना विनोद काढतात. तो आता टाकून द्यावा; नकली प्लग कुठल्याही शहरातल्या दुकानात येऊ शकतो. अस्पष्ट छपाई, खरखरीत आटे, वाकडे टोक दिसले किंवा दुकानदार बिल द्यायला कां-कू करू लागला, तर तो प्लग परत करावा.

चुकलेल्या ठिणगीचा हिशेब इंजिनापाशी संपत नाही. न जळलेले इंधन सायलेन्सरमार्गे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, तिथे पेटते आणि आतली जाळी वितळू लागते. तिची किंमत चार प्लगांच्या कितीतरी पट. उरलेले हायड्रोकार्बन हवेत जातात, उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून ओझोन तयार करतात आणि दमेकऱ्यांचा श्वास आणखी जड करतात. एमआयडीसीच्या वासाने आधीच हैराण असलेल्या वस्त्यांना ही भर नको आहे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी दामटू नये.

प्लग इंजिन थंड असताना बदलावेत, आधी हाताने आटे धरवून मगच पाना लावावा. काढलेले प्लग मागून घ्यावेत, कुठला कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सारे ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर प्लग थंड पडतो आहे किंवा इंधन जास्त येते आहे. तेलकट असेल तर इंजिनातले ऑइल वर चढते आहे. पांढरे फटक, फोड आलेले टोक अति उष्णतेचे. आणि तीन प्लग सारखे, चौथाच निराळा निघाला, तर दोष प्लगचा नसून त्या सिलिंडरचा किंवा त्याच्या कॉइलचा असू शकतो. नवा प्लग लावण्याआधी मेकॅनिकला तो दाखवावा.