पोरगं गेम जिंकलं, पण शिकलं का? शिकवणाऱ्या गेममध्ये हे मोजतात तरी कसं

एक गेम आहे. स्क्रीनवर एक हिरवा चेंडू आणि एक लाल फुगा. चेंडू फुग्यापर्यंत पोहोचवायचा, एवढंच काम. पण चेंडू उचलून नेता येत नाही. माउसने रेघा ओढून उतार काढायचा, तरफ काढायची, नाहीतर लंबक टांगायचा. तुम्ही जे काढाल ते लगेच खऱ्या वस्तूसारखं वागायला लागतं. त्याला वजन असतं, ते पडतं, आपटतं, झुलतं.

या गेमचं नाव फिजिक्स प्लेग्राउंड. आधी त्याला न्यूटन्स प्लेग्राउंड म्हणायचे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापक व्हॅलेरी शूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. एकही सूत्र न घोकता पोरांना बल आणि गती कळावी, हा त्यामागचा विचार.

पण पोरं ती पोरंच. तरफ-बिरफच्या भानगडीत न पडता चेंडूच्या खाली बारीक बारीक वस्तू काढत सुटायचं, हा जुगाड त्यात चालायचा. थरावर थर चढला की चेंडू आपोआप वर. या प्रकाराला नावही पडलं, स्टॅकिंग. मग ते रोखायला किती वस्तू काढता येतील यावर मर्यादा घालावी लागली.

आता मूळ प्रश्न इथंच येतो. स्टॅकिंग करणाऱ्यानेही लेव्हल पार केली आणि तरफ वापरणाऱ्यानेही. मग फिजिक्स कुणाला कळलं?

इथं उत्तरपत्रिका तपासायची कशी?

शाळेच्या पेपरात हे सोपं असतं. योग्य पर्याय निवडा, बरोबर असेल तर एक मार्क, विषय संपला. पण अशा मोकळ्या गेममध्ये ठरलेलं उत्तरच नसतं. तीच लेव्हल कुणी लंबकाने सोडवेल, कुणी स्प्रिंगबोर्डने. दोघंही बरोबर. त्यामुळे नुसता स्कोअर बघून काही कळत नाही.

कॅरम आठवा. सोंगटी पॉकेटमध्ये गेली एवढं बघून आपण कुणाला चांगला खेळाडू म्हणत नाही. त्याने अँगल लावला होता की तुक्का लागला, हे शेजारी बसून बघणाऱ्याला बरोबर कळतं. गेममध्ये हे बघण्याचं काम कॉम्प्युटर करतो. कोणती वस्तू काढली, कितव्या प्रयत्नाला सुटलं, किती वेळ लागला, मध्येच लेव्हल सोडली का, याची सगळी नोंद होत असते.

शूट यांनी या पद्धतीला नाव दिलं स्टेल्थ असेसमेंट. म्हणजे खेळ न थांबवता, पेपर हातात न देता, खेळता खेळताच घेतलेली परीक्षा.

नोंदींचा ढीग म्हणजे पुरावा नाही

अर्ध्या तासाच्या खेळात नोंदींचा ढीग जमा होतो. त्यातली कुठली कामाची? इथं एव्हिडन्स-सेंटर्ड डिझाइन नावाची पद्धत कामाला येते. जीआरई आणि टोफेल घेणारी ईटीएस ही संस्था तुम्हाला माहीत असेल. तिथल्या रॉबर्ट मिसलेव्ही, लिंडा स्टाइनबर्ग आणि रसेल आल्मंड यांनी ती मांडली.

यात गेम बनवायच्या आधीच तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. मुलाबद्दल आपल्याला नेमकं काय सांगायचं आहे? ते सांगायला त्याच्या कोणत्या कृतीचा पुरावा चालेल? आणि ती कृती त्याच्याकडून होईल असा प्रसंग गेममध्ये कसा आणायचा?

याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०१३ मध्ये आलेला सिमसिटी एज्यु. त्यात शहराचं प्रदूषण कमी करायचं असतं, पण लोकांची वीज आणि रोजगारही सांभाळायचा असतो. समजा एका मुलाने कोळशाचं वीजकेंद्र दिसल्या दिसल्या पाडलं. प्रदूषण घटलं, पण शहर अंधारात. मग घाईघाईत त्याने पवनचक्क्या उभ्या केल्या. दुसऱ्याने आधी पवनचक्क्या उभ्या केल्या आणि मग कोळशाचं केंद्र पाडलं. शेवटी दोघांची शहरं सारखीच दिसतील. पण एका गोष्टीचे दोन परिणाम होतात हे आधीपासून कुणाच्या डोक्यात होतं, ते क्लिकच्या क्रमावरून कळतं.

मग मार्क कसे देतात?

मार्क देत नाहीत, अंदाज बांधतात. त्यासाठी बेझियन नेटवर्क नावाचं गणित वापरलं जातं. सोप्या भाषेत सांगायचं तर सुरुवातीला कॉम्प्युटर म्हणतो, या मुलाला तरफ कळते की नाही, मला माहीत नाही. पन्नास-पन्नास. मुलाने अवघड लेव्हल एकाच तरफेने सोडवली की पारडं वर जातं. सोपी लेव्हल विसाव्या प्रयत्नाला सुटली तर तेवढं जात नाही. जसा पुरावा येईल तसा अंदाज बदलत राहतो. म्हणून एका तुक्क्याने कुणी हुशार ठरत नाही आणि एका चुकीने कुणी ढ ठरत नाही.

यातून मार्कांपलीकडचंही काही दिसतं. न सुटणाऱ्या लेव्हलवर कोण किती वेळ झुंजत राहतं, यावरून शूट यांच्या गटाने मुलांची चिकाटी मोजली. लेखी पेपरात हे दिसत नाही.

पण अंदाज खरा कशावरून?

त्यासाठी गेमच्या बाहेर यावं लागतं. न्यूटन्स प्लेग्राउंडचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवी-नववीच्या मुलांची खेळायच्या आधी आणि नंतर वेगळी चाचणी घेतली होती. चित्रं दाखवून विचारलेले फिजिक्सचे प्रश्न, सूत्रं नाहीत. साधारण चार तासांच्या खेळानंतर मुलांचे गुण वाढलेले दिसले. ही पायरी गाळली, तर पोरगं फिजिक्स शिकलं की फक्त तो गेम खेळायला शिकलं, हे सांगता येत नाही.

अडचणी तरीही आहेतच. रोज गेम खेळणाऱ्याचा हात माउसवर सफाईने चालतो. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्याला फिजिक्स कळत असूनही साधी रेघ ओढता येत नाही. हा फरक धरला नाही, तर हाताच्या सफाईलाच आपण हुशारी समजू. दुसरं, परीक्षा चालू आहे हे मुलाला जाणवत नाही, म्हणून ते टेन्शनशिवाय खेळतं. पण त्याचा प्रत्येक क्लिक कुठेतरी साठतोय. तो कुणाकडे जातो आणि किती दिवस राहतो, हे पालकांना माहीत असायला हवं.

आज फोनवर शिकवणाऱ्या गेमचा पाऊस पडलाय. "तुमच्या मुलाने २५ लेव्हल पूर्ण केल्या" असा मेसेज आला की आपण खूश होतो. पुढच्या वेळी तो आला, तर पोराला जवळ बसवा आणि विचारा, "ही लेव्हल तू कशी सोडवलीस? दुसऱ्या कुठल्या पद्धतीने सुटली असती का?" त्याने हातवारे करून तरफ कुठे टेकवली ते सांगितलं, तर समजा गाडी रुळावर आहे. आणि "खाली नुसत्या वस्तू रचत गेलो" असं म्हणाला, तर पोरगं हुशार आहे, पण तरफ अजून शिकायची आहे.